डावरी गाठ

प्रिय चंद्रकांता,

‘प्रिय’ हा शब्द लिहायलाच मला पाच मिनिटं लागली. आयुष्यात तुला ‘ए चंद्रे’ सोडून दुसरी हाक मारलेली नाही. पण पत्र असंच सुरू करतात म्हणाली तुझी वहिनी, म्हणून लिहिलं. अक्षर वाकडं आहे, लागेल तसं वाच. चौथीनंतर मी सही आणि टोपल्यांवरची नावं यापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. फोन का नाही केला म्हणशील. केला होता, तीनदा. तुझ्या फोनवर आधी ते देवाचं गाणं वाजतं, ते संपेपर्यंत माझा धीर संपतो आणि मी ठेवून देतो. मग तू उलटा फोन करतेस आणि मी सांगतो, खिशात दाबला गेला. खिशात दाबला गेला नव्हता.

इकडचं ठीक आहे. वहिनीचा गुडघा तसाच. डॉक्टर म्हणाला जिने चढू नका. आपल्या बैठ्या घराला जिना कुठला, पण त्याला काहीतरी सांगायला पाहिजे ना. विहिरीचं पाणी यंदा अजून गोड आहे. राजेळी केळीचे लोंगर चांगले धरलेत, एकेकाला दोन टेकू लावलेत. बाजूच्या वाडीतली सात माळ्यांची बिल्डिंग पुरी झाली, लोक राहायला आले, वरून आमच्या मांडवात डोकावतात आणि विचारतात, काका, ही केळी फुकट का घालवताय उन्हात? आता त्यांना, केळी उन्हात सुकवूनच सुकेळी होतात, हे समजावत बसायला मला वेळ नाही.

भाऊबीजेची गोष्ट काढतो. तू ताट धरलंस, मी पाकीट काढलं, आणि तू ताट मागे घेतलंस. म्हणालीस, दादा, यंदा ते नको, यंदा विपूला कामाला लाव. मी हसलो. म्हटलं, काम कशाला, मामाकडे दोन वेळचा जेवायला येऊ दे की, मी काय नाही म्हणतोय? तू म्हणालीस, जेवायला घालायला मी आहे दादा, त्याला कामावर जायचंय. मग सांगितलंस की सकाळी बिल्डिंगमधली माणसं डबे घेऊन बाहेर पडतात तेव्हा विपूपण भांग पाडून, खांद्याला पिशवी अडकवून ग्यालरीत उभा राहतो, आणि सगळे गेले की पिशवी उतरवून ठेवतो. तीस वर्षांचा बाप्या. निरांजन विझायला आलं होतं, हातातलं पाकीट हातात. म्हटलं बरं बाई, घातली ओवाळणी. तू रडलीस. मला वाटलं, मी काय मोठं काम केलं.

मग त्या संस्थेच्या रुचिता मॅडम आल्या. त्यांचं कामच ते, ज्यांची बुद्धी जरा हळू चालते अशा माणसांना काम शिकवायचं आणि कुठेतरी चिकटवायचं. आठ दिवस वाडीत बसून त्यांनी आमचं सगळं पाहिलं, फोटो काढले आणि एका पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवले. केळं सोलायचं, मांडवावर मांडायचं, उलटायचं, गोळा करायचं, केळीच्या सुक्या सोपटात गुंडाळायचं, गाठ मारायची. मला तो सगळा तमाशा वाटला. म्हटलं, मॅडम, आमच्या चार पिढ्यांनी सुकेळी केली, फोटो काढून कोणी नाही केली. तर म्हणाल्या, आजोबा, तुमच्या वडिलांनी तुम्हाला किती वर्षं दाखवलं? मी विषय बदलला. जाताना दोन गोष्टी सांगून गेल्या. मजुरी बाकीच्यांना जी तीच त्याला. आणि त्याचं चुकलं तर त्याला दाखवायचं, त्याच्या पाठीमागे आपण नीट करत बसायचं नाही. पहिली गोष्ट मी पाळली. दुसरी या कानाने ऐकून त्या कानाने सोडली.

आता विपूच्या कामाचं सांगतो. हे तुला मी कधी सांगितलं नाही, सांगायला पाहिजे होतं. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे, माझ्यापेक्षा जास्त केळी तू सोललीस त्यांच्या हाताखाली. मांडवावरून ऊन उतरायच्या आत पुडी बांधून झाली पाहिजे, आणि एकदा बांधली की दवात उघडायची नाही. मी म्हटलं, याला घड्याळ कळत नाही, याला वेळ कशी कळणार? त्याने त्याची त्याने शोधून काढली. त्या बिल्डिंगची सावली, जिला मी दोन वर्षं शिव्या घालतोय, ती मांडवाच्या पहिल्या खांबाला लागली की हा उठलाच. सावली आली, सावली आली, करत गोळा करायला लागायचा. वहिनीने चहा दिलेला असेल तर कप तसाच अर्धा. एकदा आपला माल विकणारा पापडीचा फ्रान्सिस दोन गिऱ्हाइकांना घेऊन वाडी दाखवायला आला, तर त्याला म्हणाला, अंकल, बाजूला व्हा, ऊन अडवताय. फ्रान्सिस म्हणाला, आत्माराम, हा तुझ्या बापावर गेलाय रे. आणि मला? मी विहिरीवर हात धुऊन तसाच केळं मांडायला बसलो, तर म्हणाला, मामा, हात पूस. सत्तर वर्षांच्या माणसाला! वहिनी पदरात तोंड घालून हसली. मी हात पुसले, पण मनातून मला राग आला होता, तो कसला ते मला तेव्हा कळलं नाही.

मला त्याचं काहीच खरं वाटायचं नाही, चंद्रे. तो आचोळ्याहून स्टेशन, पूल चढून पश्चिमेला, तिथून बस, असा एकटा येतो-जातो हेसुद्धा नाही. पहिले आठ दिवस तो घरी निघाला की मी रिक्षा करून त्याच्या बसच्या मागे मागे यायचो. तुला माहीत नाही हे. रिक्षावाल्याला वाटलं असेल म्हातारा कोणावर पाळत ठेवतोय. बरोबर उतरायचा, बरोबर पूल चढायचा, एकदाही मागे बघितलं नाही. नवव्या दिवशी मी रिक्षा बंद केली, पण पुड्यांचं बंद केलं नाही.

पुड्यांचं म्हणजे असं, की तो बस पकडायला गेला, की दिवेलागणीला मी ओटीवर त्याच्या पुड्या घेऊन बसायचो. एकेक सोडायचो, आतली सुकेळी चाचपून बघायचो, नीट लावल्यासारखं करायचो आणि परत बांधायचो. त्यात काही वाकडं सापडायचं म्हणून नाही. सापडायचंच नाही. पण मनात असं की, असणारच. ओवाळणीत घातलेली नोकरी, ती खरी कशी असेल? तुझं मन राखायला मी त्याला बसवलंय, काम तर शेवटी मलाच करायचंय, असं धरून चाललो. वहिनी म्हणायची, तुमच्या हाताला चैन नाही, तो बांधतो आणि तुम्ही सोडता, मग त्याला ठेवलाय कशाला? मी म्हणायचो, तुला काय कळतंय, पोर आहे ते. तीस वर्षांचं पोर. आणि समोर खाडीवरचा ओला वारा सुरू झालेला असायचा. बाबा असते तर त्याच सोपटाने मला बडवलं असतं.

संक्रांतीच्या आधी फ्रान्सिस एक खोका घेऊन आला. नाताळला त्याच्या दुकानात गेलेल्या मालातल्या पुड्या गिऱ्हाइकांनी परत आणल्या होत्या. आत पांढरी बुरशी. फ्रान्सिस काही चिडला नाही, खोका ओटीवर ठेवून एवढंच म्हणाला, आत्माराम, तुझ्या बाबांपासून तुमचा माल माझ्याकडे येतो, हे पहिल्यांदा झालं. रुचिता मॅडम त्या दिवशी आलेल्याच होत्या, महिन्याची चौकशी करायला. त्यांनी विचारलं, कोण बांधतं? मी म्हटलं, विपुल बांधतो. त्या दिवशी मी तुला फोन केला आणि सांगितलं, त्याला नाही जमत गं, गाठी ढिल्या राहतात, हवा जाते, आता पाठवू नकोस. तू एवढंच विचारलंस, गाठी ना दादा? मी समजावते त्याला. मी म्हटलं, समजावून काय होणार, आणि ठेवला. मॅडमच्या कागदावर ‘काम जमत नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. तो कागद पुढे वालीवला गेला. तिथल्या कारखान्यात डब्यांना झाकणं लावायचं काम त्याला मिळत होतं, त्यांनी कागद वाचला आणि नको म्हणाले. हे मला मागाहून कळलं. कळल्यावरही मी गप्प होतो.

मागच्या रविवारी मी केळफूल घेऊन तुझ्याकडे आलो, आठवतं? तू म्हणालीस, दादा न सांगता कसा आला. मी जवळून चाललो होतो म्हणून सांगितलं. आगाशीचा माणूस आचोळ्याच्या जवळून कुठे जाईल? दार उघडलंस आणि मी बघतच राहिलो. रद्दीच्या गठ्ठ्यांना दोर. पडद्यांना दोर. शेवग्याच्या शेंगांना, झाडूला, खिडकीच्या गजांना, गॅसच्या नळीलासुद्धा दोर, आणि प्रत्येक दोराला गाठ. तू हसत म्हणालीस, काय सांगू, रोज जेवण झालं की दोन तास हाच धंदा, मामा म्हणाला गाठी ढिल्या म्हणून. मी खिडकीशी जाऊन बाहेर बघतोय असं दाखवलं आणि गजावरची एक गाठ ओढून बघितली. हलली नाही. दुसरी ओढली. हलली नाही. मग विपू आतून आला, भांग पाडलेला, आणि म्हणाला, मामा, तू फोन करणार होतास. त्या दिवशी तो वाडीतून निघताना मी म्हटलं होतं ते, फोन करतो. दोन महिने झाले. मी तुझा चहा प्यालो, साखर जास्त झाली म्हणून तुलाच बोललो आणि निघून आलो. जिन्यात पाच मिनिटं बसलो होतो. तुझ्या शेजारणीने पाणी दिलं.

आता जे खरं आहे ते लिहितो, आणि मध्ये थांबत नाही, थांबलो तर राहून जाईल.

मी डावरा आहे हे तुला माहीत आहे. शाळेत त्या हाताने लिहायचो म्हणून गुरुजी बोटांवर पट्टी मारायचे, बाकीच्यांना दाखवायचे, हे बघा उलट्या डोक्याचं. म्हणून चौथीत सोडली. बाबांनी मात्र कधी हात बदलायला सांगितला नाही. माझी गाठ उलटी पडते, शेपूट डावीकडे येतं. बाबांची, तुझी, वहिनीची, सगळ्यांची शेपटं उजवीकडे. विपूचीही उजवीकडे, त्याला तू शिकवलंस. फ्रान्सिसने खोका उघडला आणि मी वरूनच बघितलं. एकूणएक शेपूट डावीकडे. आपली गाठ माणूस ओळखणार नाही? त्या क्षणी मला सगळं कळलं, दव, वारा, दिवेलागण, सगळं. आणि तरी माझ्या तोंडातून निघालं, विपुल बांधतो.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुला फोनवर सांगू शकलो असतो. विपू तिथेच उभा होता. तो खोक्यापाशी वाकला, एक पुडी हातात घेतली, दोर बघितला आणि म्हणाला, ही माझी नाय. मग माझ्याकडे बघून म्हणाला, मामा, ही तुझी आहे. रागाने नाही म्हणाला. एखाद्याची चप्पल चुकून आपल्याकडे आली तर आपण सांगतो ना, तुमची आहे, तसं म्हणाला. आणि मी, त्याच्या मामाने, फ्रान्सिससमोर आणि त्या मॅडमसमोर त्याच्यावर ओरडून सांगितलं, गप बस, तुला काय कळतंय. फ्रान्सिसने त्याच्या पाठीवर हात ठेवला, बिचारा म्हणून. मॅडमनी विचारलं, विपुल, काय म्हणालास? तो गप्पच. मी गप बस म्हटलं होतं, आणि सांगितलेलं तो पाळतो. पुडी मात्र खाली टाकली नाही त्याने. परत जागच्या जागी लावून ठेवली.

मला तेव्हा गुरुजींची पट्टी आठवली नाही. आचोळ्याच्या जिन्यात आठवली.

रविवारी घरी आल्यावर वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुमच्याशी बोलून कोणाचं भलं झालंय? सोमवारी सकाळी मांडवाखालच्या जुन्या टोपल्या उपसल्या, तर एका टोपलीच्या तळाला दोन पुड्या निघाल्या. डिसेंबरातल्या. मी सोडून परत न बांधलेल्या, विपूच्याच, कारण शेपटं उजवीकडे. एक सोडली. बुरशीचा ठिपका नाही. रंग मधासारखा, वास तर असा की मला बाबाच ओटीवर बसल्यासारखे वाटले. वहिनीने एक सुकेळं मोडून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, खा आता. खाल्लं.

मग फ्रान्सिसकडे गेलो आणि सांगितलं. तो म्हणाला, मी त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला रे आत्माराम, चुकीच्या माणसाच्या. तिथून विरारला रुचिता मॅडमच्या ऑफिसात गेलो. मला वाटलं, झाडतील. झाडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता कोरा कागद आणि पेन पुढे केलं. मी लिहिलं, माल माझ्या हाताने खराब झाला, विपुलचं काम चोख आहे, तो खरं बोलला होता. डाव्या हाताने सही केली. एक प्रत वालीवला गेली. त्यांनी विपूला गुरुवारी बघायला बोलावलंय, मॅडम तुला फोन करतीलच. मी म्हटलं, मॅडम, तुम्हीच सांगा ना बाकीचं चंद्रकांताला. त्या म्हणाल्या, आजोबा, मी चंद्रकांताताईंना वालीवचं सांगेन. तुमचं तुम्ही सांगायचं, आणि त्यांना नाही, विपुलला.

तर हे पत्र त्याच्यासाठी आहे, चंद्रे. नाव तुझं घातलं कारण त्याला वाचून तू दाखवायचंस. मी तिथे येऊन बोलायला लागलो असतो तर परत केळफुलावर आणि साखरेवर गेलो असतो, माझा मला भरवसा नाही. आणि दुसरं असं, की विपूकडे ती प्लास्टिकची फाइल आहे, तो सगळे कागद जपून ठेवतो. त्यात माझ्या सहीचा तो खोटा कागदही आहे, टेबलावर मी बघितला. बोललेलं हवेत जातं, तो कागद मात्र राहणार. म्हणून त्याच्यावर ठेवायला हा दुसरा. सगळं वाच त्याला, ‘ही तुझी आहे’ म्हणाला ते दोनदा वाच, आणि सांग की गाठी ढिल्या कधीच नव्हत्या, खिडकीचे दोर सोडले तरी चालतील. पत्राबरोबर फ्रान्सिसच्या माणसाकडे दुसरी पुडी दिलीय. तू उघडू नकोस, त्याची गाठ आहे, त्याला सोडू दे. वालीवला जायचं की मांडवावर यायचं, की दोन्हीकडे नाही, ते त्याने ठरवायचं. मी कोणाच्या ताटात काही घालत नाही आता. माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही बरोबर आहे. पण आलाच, तर सोमवारी येऊ दे, आपला आपण, बसने. मी मागे रिक्षा घेऊन येणार नाही.

तुझाच,
आत्माराम